वाळायला वेळ लागतो, तेवढ्यात फिरून ये

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि सोबतची यादी, दोन्ही वाचलं. थंडीचा एक महिना. त्यात बाहेरची खोली रंगवायची, न्हाणीघरातल्या फटी भरायच्या, टेबलाला पॉलिश करायचं, घासणारं दार नीट करायचं, ओल आलेल्या भिंतीचं काहीतरी करायचं. शिवाय चारही शनिवार-रविवार कुठे ना कुठे भटकायचं. नोकरी आहेच. यातलं काय खोडू, असं तू विचारलं आहेस.

खोडायचं नंतर बघू. आधी यादी वेगळ्या तऱ्हेनं मांड. घरातल्या बऱ्याच कामांना माणसाचा हात लागतो दोन-तीन तास. पुढचा दिवस-दीड दिवस ते काम आपलं आपण होत असतं. वाळणं, मुरणं, घट्ट होणं. या मधल्या वेळात माणसं घरात असली की काय होतं, ते इमारतींची देखभाल करताना मी पुष्कळ पाहिलंय. बोट लावून बघतात, "झालंच असेल" म्हणत त्यावरून चालतात, संध्याकाळी तिथेच आंघोळ करतात. म्हणून प्रत्येक कामापुढे एवढंच लिही: याला आपण घरात नसलेलं बरं, की आपण घरात हवंच. पहिल्या प्रकारचं काम शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी सकाळी उरकायचं आणि कुलूप लावून निघायचं. दुसऱ्या प्रकारचं काम सोमवारी काढायचं, किंवा ज्या शनिवार-रविवारी कुठे जायचं नाही तेव्हा. असं केलंस की घर आणि भटकंती यांची भांडणं बरीच मिटतात, आणि मग खरोखर काय खोडावं लागतं तेही दिसतं.

न्हाणीघरातल्या फटींपासून सुरुवात करू, कारण "आपण नसलेलं बरं" याचं ते उत्तम उदाहरण. सिलिकॉन सीलंट हवेतला बाष्पांश घेऊन घट्ट होतो, आणि तोही बाहेरून आत. तासाभरात त्याच्यावर दुधावर धरावी तशी साय धरते, आणि माणूस फसतो. आतला भाग २४ तासांत साधारण २ ते ३ मिलिमीटरच पक्का होतो. कोरड्या, गार हवेत त्याहून सावकाश. म्हणजे जाड फट भरली असेल तर दोन दिवस तिथे पाणी नको. घरात राहून दोन दिवस आंघोळ न करण्यापेक्षा गावाला गेलेलं काय वाईट? मात्र आधीची तयारी आठवड्यात करून ठेव. जुना सिलिकॉन पात्यानं खरवडून पूर्ण काढावा लागतो, कारण नवा सिलिकॉन जुन्यावर धरत नाही. फट आतून कोरडी हवी, म्हणून खरवडल्यावर एक रात्र तरी जाऊ दे. आणि आरशाच्या कडेला लावणार असशील तर नळी घेतानाच 'न्यूट्रल' प्रकारची माग. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो त्यातून आम्ल सुटतं आणि आरशामागचा मुलामा काळा पडतो.

टेबलाचं पॉलिशही याच प्रकारातलं. घासून, पुसून, पहिला हात मारून निघून जायचं. परत आल्यावर बारीक पॉलिशपेपर फिरवून दुसरा हात. पण इथे एक गोष्ट नीट ऐक. जवसाच्या तेलाचं पॉलिश वापरणार असशील तर त्याच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकून बाहेर पडू नकोस. हे तेल वाळतं म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची प्रक्रिया होते, आणि त्यात उष्णता सुटते. चिंधी पसरलेली असेल तर ती उष्णता उडून जाते. बोळा केलेला असेल तर आत साठत राहते आणि काही तासांत चिंधी आपोआप पेट घेऊ शकते, काडी न लावता. चिंध्या उघड्यावर एकेरी पसरून वाळव, किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेव. हे आधी, बॅग भरणं नंतर.

आता ज्या कामांना आपण घरात हवं ती. सिमेंटचं काम लोक वाळण्याच्या कामात धरतात, तिथेच चुकतं. सिमेंट पाण्याशी प्रक्रिया करून घट्ट होतं. पाणी लवकर उडून गेलं तर ते वरून कोरडं दिसतं आणि आतून भुसभुशीत राहतं. गिलाव्याचा तुकडा शुक्रवारी मारून गावाला गेलास तर रविवारी रात्री त्याला बारीक तडे दिसतील. म्हणून ज्या आठवड्याच्या शनिवार-रविवारी कुठे जायचं नाही, त्याच्या सोमवारी तो मारायचा आणि निदान सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. कामावर जाताना एकदा, आल्यावर एकदा. कडाक्याची थंडी असेल तर मारूच नको: पारा ५ अंशांखाली गेला की ही प्रक्रिया फार मंदावते, आणि ओला गिलावा गोठला तर तो वाया गेलाच समज. आणखी एक हिशेब आहे. नव्या सिमेंटमध्ये अल्कली असते, ती रंग खाते. त्यामुळे त्यावर रंग देण्याआधी साधारण २८ दिवस थांबायची पद्धत आहे. म्हणजे महिन्याच्या पहिल्या सोमवारी तुकडा मारलास तरी ती भिंत या महिन्यात रंगत नाही. तुझ्या यादीतली एक ओळ इथेच खोडली गेली, आणि ती आपण खोडली नाही, सिमेंटनं खोडली.

नळाचं काम, म्हणजे वॉशर बदलणं, नवा जोड लावणं, गिझरची नळी बदलणं, हेही जायच्या आदल्या दिवशी कधीच नको. जोड लावल्या लावल्या कोरडा दिसतो. पाझर असेल तर तो काही तासांनी एक थेंब दाखवतो, आणि रात्री सगळीकडचा वापर थांबून नळातला दाब वाढला की अधिक. जोडाखाली कोरडा कागद ठेव, दोन रात्री जाऊ दे. विजेचंही तसंच. नव्या सॉकेटवर जड उपकरण तासभर चालवून त्याचं झाकण हाताला गरम लागतं का, हे बघणारं कुणीतरी घरात हवं. (सॉकेट बदलायला जाणकार माणूस बोलाव. तो हट्ट या महिन्यात नको.)

पहिला शनिवार-रविवार घरीच काढ, असा माझा आग्रह आहे. नाराज होऊ नकोस, कारण त्या दोन दिवसांत काम जवळजवळ नाही, नुसतं बघायचंय. थंडीचा एक फायदा असा की सूर्य दुपारीही खाली असतो आणि ऊन तिरपं आत शिरतं. सगळ्यांत लहान दिवशी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून किती वर असतो याचा हिशेब सोपा आहे: ९० मधून आपल्या जागेचा अक्षांश आणि आणखी २३.४ वजा करायचे. ४० अक्षांशावर जेमतेम २६-२७ अंश येतात. असं ऊन भिंतीला लगटून जातं तेव्हा तिच्यावरचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो, आधीच्या माणसानं लांबी (म्हणजे पुट्टी) भरून घासायचा कंटाळा केला असेल तर तोही दिसतो. त्या वेळी पेन्सिल घेऊन उभा राहा आणि जिथे सावली पडते तिथे बारीक गोल कर. ऊन येत नसेल त्या खोलीत रात्री दिवा बंद करून टॉर्च भिंतीला चिकटवून धर, तेच दिसेल. समोरून पडणाऱ्या उजेडात सगळ्याच भिंती सपाट वाटतात.

त्याच दोन दिवसांत ओल कुठून येते ते शोध. हा भाग जरा लांबवतो, कारण थंडीत सगळ्यात जास्त पैसा इथे पाण्यात जातो. ओल दिसली की लोक वॉटरप्रूफ रंगाचा डबा आणतात. पण ओल निदान तीन रस्त्यांनी येते: बाहेरून किंवा जमिनीतून भिंतीत चढते, एखादी नळी पाझरते, किंवा घरातल्याच हवेतलं बाष्प गार भिंतीवर येऊन पाणी होतं. तिन्हींवर उपाय वेगळे. शोधायची रीत सोपी आहे. भिंत पुसून कोरडी कर, वीतभर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, म्हणजे फॉइल, चारही कडांनी टेपनं घट्ट चिकटव आणि दोन दिवस विसरून जा. थेंब खोलीच्या बाजूला आले तर पाणी हवेतलं. सोडवून पाहिल्यावर भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतलं. नळीचा संशय असेल तर रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेव, सकाळी कुणी पाणी वापरायच्या आत परत बघ. शौचालयाच्या टाकीत रंगाचे चार थेंब टाकून अर्धा तास फ्लश करू नकोस. रंग भांड्यात उतरला तर टाकीची झडप गळतेय.

हवेतलं पाणी निघालं तर काय होतंय ते समजून घे, पुढे प्रवासातही हेच लागेल. गार हवेत बाष्प कमी मावतं, उबदार हवेत जास्त. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर १२ अंशांच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव पडतं. थंडीत खिडकीची काच आणि कपाटामागची बाहेरची भिंत १२ अंशांवर सहज उतरते. बुरशीला तर थेंबही लागत नाहीत. पृष्ठभागालगतची आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांवर राहिली की ती धरते. आणि हे बाष्प आपणच घरात सोडत असतो. श्वासातून, स्वयंपाकातून, आंघोळीतून. दारं लावून घरात वाळत घातलेल्या एका खेपेच्या कपड्यांतून साधारण २ लिटरपर्यंत पाणी हवेत जातं. तेव्हा उपाय रंगाच्या डब्यात नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ, आंघोळीनंतर न्हाणीघराचं दार लावून तिथली खिडकी किंवा पंखा चालू ठेव, आणि दिवसातून दोनदा समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघड. दिवसभर एक फट उघडी ठेवण्यापेक्षा हे बरं: हवा बदलते आणि भिंती फार गार होत नाहीत. बाहेर धुकं असलं तरी उघड. बाहेरची शून्य अंशांची, बाष्पानं पूर्ण भरलेली हवा आत येऊन २० अंशांना तापली की तिची आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली येते. डोळ्यांना पटत नाही, पण ओलसर दिसणारी ती हवाच घर कोरडं करते.

भिंतीतून पाणी येत असेल तर पांढरी भुकटीही दिसेल. ते क्षार. पाणी भिंतीतून बाहेर येतं, उडून जातं, क्षार मागे राहतात. कोरड्या ब्रशनं झाड, धुऊ नकोस; धुतलंस तर विरघळून परत आत. त्यावर वॉटरप्रूफ रंग मारलास तर मागचं पाणी तो रंगच पुढे ढकलतं आणि पोपडे धरतात. बाहेरची बाजू, गच्ची, नाली जिथून पाणी शिरतं तिथे उपाय होईपर्यंत आतली भिंत उघडी राहू दे, दिसायला वाईट दिसली तरी.

दाराचं तुझं म्हणणं वाचून मला हसू आलं. दमट दिवसांत घासत होतं, आता आपोआप सुटलंय, आणि तरी तुला रंधा मारायचाय! लाकूड दमट हवेत आडव्या अंगानं फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. लांबीला जवळजवळ बदलत नाही. थंडीत, त्यातून घर तापवत असशील तर, ते सर्वांत आकसलेलं असतं. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू आवळ. निम्मी दारं तेवढ्यानंच वर उचलली जातात. तरी घासत असेल तर आता पेन्सिलीनं खूण कर आणि दमट दिवसांत बघून अगदी थोडं तास. चौकटीच्या फटीही आत्ता गच्च भरू नकोस. फुगायला जागा नको का त्याला?

राहिला रंग. खोली एकच घे आणि पूर्ण कर. तीन खोल्या अर्ध्या ठेवून महिना संपवणारी माणसं मी इतकी पाहिलीत की आता यादी बघूनच ओळखतो. दोन संध्याकाळी लांबी भरणं आणि घासणं, एका संध्याकाळी धूळ पुसून टेप लावणं, आणि ब्रश फक्त दिवसाच्या उजेडात. सकाळी भिंत गार असते. उशिरा सकाळपासून दुपारपर्यंत ती तापत असते, तेवढा वेळ रंगाचा. रंगणारा पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव पडायला लागतं त्यापेक्षा, निदान ३ अंश गरम हवा, असा रंगकामातला नियम आहे, आणि दिवस कलला की तो पाळला जात नाही. डब्यावर किमान तापमान छापलेलं असतं, पाण्यातल्या रंगांना बहुधा ५ किंवा १० अंश. ते हवेचं आणि भिंतीचं दोन्हीचं धर. दोन हातांमध्ये चार तास लिहिले असतील तर थंडीत दुप्पट दे. रंग हाताला कोरडा लागला तरी पूर्ण पक्का व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर ओल्या फडक्यानं घासू नकोस, कपाट टेकवू नकोस. म्हणजे हेही काम शनिवारी दुपारी संपवून रविवारी उजाडल्यावर निघण्याजोगं. खिडकी थोडी उघडी राहील अशी कडी लावता येत असेल तर उत्तम. मात्र लवकर वाळावं म्हणून हीटर चालू ठेवून बाहेर पडायचं नाही, कुठल्याही कारणानं. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर खेचतो. साध्या एक्स्टेंशन बोर्डाची वायर त्यासाठी नसते, आणि वेटोळं न सोडता वापरली तर आतल्या आत तापते. घर भाड्याचं असेल तर रंगाआधी मालकाची परवानगी लेखी घे, एवढं सांगून पुढे जातो.

आता भटकंती. तू चार ठिकाणं लिहिली आहेस. पहिला शनिवार-रविवार मी घेतला, राहिले तीन. त्यातला एक मोकळा सोड. महिन्यात काहीतरी लांबतंच, आणि लांबलं नाही तर झोप काढ. दोन सहली पुरेत. एका बाजूचा प्रवास तीन तासांच्या आतला असावा असं मला वाटतं, कारण थंडीत उजेड हाच खरा पैसा असतो. वर्षातला सर्वांत लहान दिवस उत्तर गोलार्धात २१ किंवा २२ डिसेंबरला आणि दक्षिणेत २० किंवा २१ जूनला येतो, हे तुला ठाऊक आहे. पण सर्वांत लवकरचा सूर्यास्त त्याच दिवशी नसतो. तो आधीच होऊन गेलेला असतो. आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय त्यानंतर काही दिवसांनी येतो. त्यामुळे लहान दिवस उलटल्यावर काही काळ संध्याकाळ लांबत जाते पण सकाळ तितकीच अंधारी राहते, किंवा अधिकच. या दिवसांत पहाटे पाचला निघायचा पराक्रम कशाला? उजाडल्यावर निघ, जे मिळतंय ते संध्याकाळी वसूल कर.

पहाटे न निघायला दुसरंही कारण आहे, धुकं. आकाश निरभ्र, वारा नाही, रात्र लांब, म्हणजे जमीन उष्णता सोडून गार होते आणि तिच्यालगतच्या हवेतलं बाष्प धुकं बनतं. ऊन चढलं की ते विरतं. दोन तास थांबलं की रस्ता मोकळा मिळतो, तो धुक्यात चाचपडण्यात का घालवायचा? अडकलासच तर दिवे खाली पाडलेले ठेव. वरचा प्रकाशझोत धुक्याच्या थेंबांवरून उलटा डोळ्यांत येतो. आणि दिशा बघून मार्ग ठरव. थंडीतला सूर्य खाली असल्यानं सकाळी पूर्वेला आणि संध्याकाळी पश्चिमेला गाडी हाकणं म्हणजे तासन् तास डोळ्यांत ऊन. सकाळी पश्चिमेला जाऊन संध्याकाळी पूर्वेला परतता येईल असं ठिकाण असेल तर सूर्य दोन्ही वेळा पाठीशी. दोन ठिकाणांत निवड होत नसेल तर मी याच्यावर निवडतो.

गाडीच्या चाकांत हवा बघ, थंडी पडल्यावर पुन्हा एकदा. ३० अंशांना ३२ पौंड दाब भरलेला असेल तर १० अंशांना तो आपोआप २९ च्या आसपास उतरतो, कुठेही गळती नसताना. मोजायचं ते चाकं थंड असताना, निघण्यापूर्वी. स्टेपनीचीही. काच आतून धुरकटली तर तीच खिडकीवरच्या दवाची गोष्ट: हीटरसोबत एसी चालू कर, कारण एसी हवेतलं पाणी काढून घेतो, आणि हवा आतल्या आत फिरवायचं बटण बंद ठेव. कॅमेरा गारठ्यातून उबदार खोलीत आणलास तर पिशवीची चेन न उघडता तासभर ठेव, नाहीतर भिंगावर दव. फोनची बॅटरी थंडीत लवकर बसते, ती आतल्या खिशात अंगाशी ठेवली की सावरते. शून्याखालच्या गारठ्यात मात्र तिला चार्जिंगला लावू नकोस, कायमची दुखावते.

कपड्यांबद्दल तुला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. एवढंच बघ की चढण चढायची असेल तर अंगालगत सुती नको. घाम धरून ठेवतं आणि थांबलास की गारठवतं. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब टिकवते.

मुक्कामाच्या खोलीत कोळशाची शेगडी किंवा ज्याचा धूर बाहेर जायला वाट नाही असा गॅसचा हीटर कुणी आपुलकीनं आणून दिला, तर आभार मानून परत कर. कोळसा किंवा गॅस अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. डोकं दुखणं, मळमळ, ग्लानी ही लक्षणं दमल्याचीच वाटतात, म्हणून माणूस उठण्याऐवजी झोपतो. ज्याला असं वाटेल त्यानं आधी बाहेर मोकळ्या हवेत यायचं, मग कारण शोधायचं. बंद न्हाणीघरातला गॅसचा गिझर हाही याच माळेतला, घरचा असो वा मुक्कामाचा. आणखी एक पांघरूण मागून घे.

घरातून निघताना पाण्याचा मुख्य कॉक बंद, गिझर बंद. तुझ्या नव्या गावची थंडी मी अनुभवलेली नाही. पण तिथे पाणी गोठत असेल तर घर तापवण्याची यंत्रणा पूर्ण बंद करू नकोस, कमीवर ठेव. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं आणि नळी फोडतं, आणि फुटलेली नळी कळते ती बर्फ वितळल्यावर. दोन दिवस घर अगदी बंद राहिलं तरी चालतं, फक्त ओले कपडे आत वाळत घालून जाऊ नकोस.

आठवड्यातल्या संध्याकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त घराला देऊ नकोस. दमून आल्यावर ड्रिल हातात घ्यायचं नाही. फळ्यांसाठी भोकं पाडायची ती मोकळ्या शनिवार-रविवारी, आणि भिंतीत त्या रेषेत वर-खाली सॉकेट किंवा नळ आहे का हे बघून, कारण वायर आणि नळ्या बहुधा सरळ उभ्याच गेलेल्या असतात. सामान बुधवार-गुरुवारपर्यंत आणून ठेव. शनिवारी सकाळी एका पॉलिशपेपरसाठी दुकानात गेलास की तुझी सहलही गेली. उरलेल्या रंगाच्या डब्याच्या झाकणावर रंगाचा क्रमांक आणि खोलीचं नाव लिहून ठेव, वर्षानं लागेल.

रविवारी दिवसाउजेडी परत ये. आल्या आल्या खिडक्या उघड, सिलिकॉनची कड नखानं हळूच दाबून बघ, कॉक उघडून सिंकखाली हात फिरव. मगच सामान सोड.

त्या ओल्या भिंतीवर फॉइल लावलंस की थेंब कुठल्या बाजूला आले ते मला कळव. खोलीच्या बाजूला आले असतील तर कपाट कुठे हलवायचं ते आपण ठरवू, आणि भिंतीच्या बाजूला असतील तर मला त्या भिंतीचा बाहेरून, गच्चीपासून जमिनीपर्यंत दिसेल असा फोटो लागेल.

तुझा,
काका